तर्रीची फाइल

नाव: तर्री.
रंग पोह्यांवरच्या रश्श्याचा, नाव त्यावरूनच.
वय: दातांवरून तीनेक.
मालक: या रकान्यात मी आजवर रेघच मारत आले.

कळमना मार्केटात संत्र्यांच्या ट्रकखाली
मागचा उजवा पाय गेला.
देवाजी उईके, हमाल, गोणपाटात गुंडाळून घेऊन आला.
"मॅडम, हिले पाहा ना जरासक,"
आणि बाकावर बसून दहादहाच्या नोटा सरळ करू लागला.

आता फाइलीत उत्रेख्तचा पत्ता आहे.
तिथल्या मारायके नावाच्या बाई
फोटो पाहून रडल्या म्हणे.
संस्थेचा निमिष रोज फोन करतो, तारीख द्या.

तारीख अशी देता येत नाही, निमिष.
आधी चिप, मानेजवळ, तांदळाच्या दाण्याएवढी.
मग रेबीजची लस. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
मग तीस दिवस. मग रक्त,
बर्फात बसून तेच आधी विमानानं जातं.
आकडा चांगला आला तरी तीन महिने थांबायचं,
रक्त काढल्या दिवसापासून मोजून.
तोवर मे उजाडतो,
आणि शेहेचाळीस अंशांत धावपट्टीवर ठेवलेला पिंजरा
म्हणजे तंदूर.

"मग जुलै. झोपेचं इंजेक्शन देऊन टाका."
नाही.
वर आभाळात तिचा श्वास मंदावला
तर नाडी कोण बघणार, सुटकेस?
म्हणून रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून
पिंजऱ्याच्या तळाशी भाकरीचा तुकडा.
पहिल्या आठवड्यात फक्त नाक आत.
तिसऱ्यात सगळी आत, शेपूट बाहेर.
शेपटीवर माझा विश्वास आहे, ती घाईत सही करत नाही.

एप्रिलात रक्तात गोचीडताप निघाला.
अठ्ठावीस दिवस गोळ्या, गुळात दडवून.
"प्लेटलेट वाढल्या ना? मग लिहू नका.
बाई घाबरतील."

मी लिहिलं.
ताप गेलाय, पण हा आजार हाडांत दबा धरून बसू शकतो.
कधी नाकातून रक्त आलं तर
तुमच्या डॉक्टरांना हे नाव सांगा,
त्यांच्या गावात ते सहसा ऐकू येत नसेल.
तिला जिना माहीत नाही.
दार बंद होणं माहीत नाही.
उचललेली काठी माहीत आहे,
तेव्हा छत्री काही दिवस कपाटात ठेवा.
आणि एकदा स्वतःला विचारा, हे तिच्यासाठी की...
ही ओळ खोडली. माझा तो अधिकार नव्हता.
बाकी पाठवलं.

नऊ दिवस उत्तर नाही.
निमिषचाही फोन बंद झाला.
गल्लीतले बारा जण अजून लशीविना आहेत,
या एका तिकिटात त्यांचं वर्ष निघालं असतं,
हा हिशेब रात्री मी मांडते
आणि सकाळी पुसते.

रविवारी देवाजी आला, पार्ले घेऊन.
"तिकडं ऊन राह्यते का?"
थोडं असतं.
"मंग हे गोणपाट देजा संगं."
तेच. धुतलेलं. घड्या घातलेलं.
अर्धं पोतं मी परत केलं: धुतलंस कशाला, वास गेला.
तो म्हणाला, "दोन दिवस निजून पाह्यतो त्याच्यावर."

दहाव्या दिवशी उत्तर आलं. दोनच प्रश्न.
गोळ्या उरल्या असतील तर किती, केव्हा?
आणि तिला हाक कशी मारायची?

रोमन लिपीत लिहून पाहिलं. तर्री होईना.
मग देवाजीला फोन धरायला दिला.
तो ओरडला, उत्रेख्त कामठीच्या पलीकडे असल्यासारखा:
"ये वं तर्रे!"
ती पिंजऱ्यातून उठून आली.
पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा आली.
तिसऱ्यांदा भाकरी अर्धी टाकून आली.
शेवटी तेच पाठवलं,
हाकेच्या मागून फरशीवर येणाऱ्या
तीन पायांच्या नखांसकट.